एकोणीस दिवसांची आई

कागदोपत्री मिनेको माझी मुलगी आहे.
मी तिच्याहून एकोणीस दिवसांनी मोठी.
दत्तक घेणारं माणूस वयानं वडील हवं, असं कायदा म्हणतो,
किती वडील, ते म्हणत नाही.

त्या दिवशी हाकोदातेत बर्फ वितळून नुसता राडा झाला होता.
खिडकीपलीकडच्या कारकुनानं
आमच्या जन्मतारखा दोनदा वाचल्या,
मग स्वतःच्या बाहीकडे पाहिलं.
शर्ट आमच्याच लाँड्रीतला,
कॉलरला खळ मिनेकोची, इस्त्री माझी.
काही न विचारता त्यानं शिक्का उठवला.
बाहेर येऊन मिनेको म्हणाली, "आई, भूक लागली,"
आणि ट्रामच्या थांब्यावर
डोळ्यांत पाणी येईतो हसलो आम्ही.

तिचं आडनाव गेलं, माझं लागलं.
लग्नातही हेच होतं म्हणे.

उपयोग झाला. नाही कशाला म्हणू?
तिचं पित्ताशय काढलं तेव्हा
नर्सनं विचारलं, "आपण पेशंटच्या कोण?"
"आई."
तिनं माझ्याकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं,
"छान ठेवलंय हो तुम्ही स्वतःला."
सही करताना हात थरथरला नाही.
खोटं बोलायची सवय नव्हती मला,
पण हे खोटं सरकारी होतं,
लाल शिक्क्याचं.

फक्त रात्री
एका अंथरुणात शिरताना कधीकधी
तो कागद कपाटातून खाकरतो.

आता रेडिओवर रोज तेच.
खालचं कोर्ट म्हणालं, ही मनाई घटनेत बसत नाही.
वरचं काय म्हणतंय ते बघायचं.
एक खासदार म्हणतात, घाई नको,
आधी लोकांची मनं तयार होऊ देत.
आमची इस्त्री तापायला चार मिनिटं लागतात.
मनांचं त्यांनी सांगितलं नाही.
दुसरे म्हणतात, अशानं कुटुंबं मोडतील.
मी भिंतीवरच्या रेडिओला विचारलं,
आमचं कोणतं मोडेल हो?
आई-मुलीचं, की आमचं?

काल मासळीबाजारातला क्योहेई आला,
मागे तो उंच, अबोल इत्सुकी.
दोन पांढरे शर्ट.
"सप्पोरोला जायचंय, निकाल ऐकायला. कडक करून द्या."
इत्सुकीच्या शर्टाचं तिसरं बटण
वेगळ्याच दोऱ्यानं शिवलेलं,
क्योहेईच्या हातचं असणार, गाठ कोळ्याची होती.
दारातून वळून तो म्हणाला,
"कायदा झाला ना आजी, तर तुम्ही दोघीही करा.
एकाच दिवशी उडवून देऊ बार!"
मिनेको पावतीवर आकडे लिहीत राहिली,
लिहिलेलेच पुन्हा.
मी म्हटलं, "बघू."

त्याला कसं सांगू,
वकीलबाईंनी आम्हाला कलम वाचून दाखवलंय:
एकदा आई-मुलगी झालेल्यांचं लग्न लागत नाही.
दत्तक मोडलं तरी लागत नाही.
उद्या सगळ्या देशानं हो म्हटलं
तरी मी त्या फाटलेल्या कागदाची आई.
गारठलो होतो, मिळेल तो कोट अंगावर ओढला,
त्याची बटणं
कातडीला शिवलेली निघाली.

रात्री मिनेकोनं दोन्ही शर्ट पुन्हा भिजवले.
"कॉलर नीट बसली नव्हती."
बसली होती. मी पाहिली होती.
काही न बोलता इस्त्री लावली.
वाफेत तिचा चेहरा दिसेना,
आणि पलीकडून हाक आली,
"हात्सुए."
गिऱ्हाइकांसमोर ती मला नावानं हाक मारत नाही.
दुकान बंद होतं, तरी मी दाराकडे पाहिलं.
"हात्सुए, निकाल बाजूनं लागला
तर पोरांकडून पैसे घ्यायचे नाहीत."
"आणि विरुद्ध लागला तर?"
बराच वेळ पाण्याचा आवाज.
"मग तर मुळीच नाहीत."